एका घराची दुसरी किल्ली

भाडं आपण भरायचं आणि आपलंच घर रिकामं कधी होतंय याची वाट बघत रात्री फुटपाथवर येरझाऱ्या घालायच्या, हा सी. सी. बॅक्स्टरचा नेम. बिली वाइल्डरच्या १९६० सालच्या 'द अपार्टमेंट' या कृष्णधवल सिनेमाचा हा नायक. न्यूयॉर्कच्या एका अगडबंब विमा कंपनीत कारकून, आणि सेंट्रल पार्कपासून हाकेच्या अंतरावर एकट्याचं बिऱ्हाड. ऑफिसातल्या चार वरिष्ठांची लग्नाबाहेरची प्रकरणं याच बिऱ्हाडात पार पडतात. मोबदला म्हणजे बढतीसाठी एक चांगला शब्द. प्रेमाचा विनोदी सिनेमा म्हणून त्याचं नाव झालं, ते खोटं नाही. पण जरा जवळ जाऊन पाहिलं तर त्यातला प्रत्येक गोंधळ, आणि शेवटचं प्रेमसुद्धा, एका किल्लीच्या येण्याजाण्यातून घडतं.

बॅक्स्टरला आकड्यांचं वेड. पडद्यावर शहर दिसतं आणि त्याचा आवाज सांगू लागतो: १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कची लोकसंख्या ८०,४२,७८३. सरासरी उंची पाच फूट साडेसहा इंच धरून या सगळ्यांना एकापुढे एक आडवं केलं, तर रांग टाइम्स स्क्वेअरपासून कराचीच्या वेशीपर्यंत जाईल. कराचीचं नाव आलं की आपल्याकडचा प्रेक्षक सावरून बसतो, तेव्हा गुणाकार करून बघायला हरकत नाही. येतात १३,५८५ किलोमीटर. न्यूयॉर्कहून सर्वांत जवळच्या वाटेने मुंबईच सुमारे साडेबारा हजारांवर आहे आणि कराची त्याहून अलीकडे. म्हणजे मुंबई गाठूनही हजारेक किलोमीटर माणसं उरतात. विमा कंपनीच्या माणसाचा हिशेब असा सैल असावा, हे काही बरं नाही.

बाकीचे आकडे मात्र चोख आणि बोलके आहेत. कंपनीच्या मुख्य कचेरीत ३१,२५९ माणसं. बॅक्स्टर एकोणिसाव्या मजल्यावर, टेबल क्रमांक ८६१. त्याच्या खात्याची वेळ आठ पन्नास ते पाच वीस, कारण सोळा लिफ्टमध्ये एकदम झुंबड उडू नये म्हणून प्रत्येक मजल्याची सुटी वेगळ्या वेळी. आठवड्याला हातात ९४.७० डॉलर. घराचं भाडं महिना ८० होतं, ते घरमालकीणबाईंनी एक सेकंडहँड एसी बसवल्यावर वाढलं. पाच मिनिटांत त्या माणसाचं उत्पन्न, खर्च आणि एकटेपणा आपल्याला पाठ होतो.

ती टेबलांची रांग ज्या हॉलमध्ये दिसते, तो हॉल खरा तेवढा मोठा नव्हताच. कलादिग्दर्शक अलेक्झांडर ट्रॉनरने पुढे नेहमीच्या मापाची टेबलं मांडली आणि मागे जाता जाता ती लहान करत नेली. मागच्या टेबलांवर बसवली ती माणसंही चणीने लहान. छतावरच्या ट्यूबलाइटच्या रेघा दूर एका बिंदूकडे धावतात आणि डोळा हमखास फसतो. ट्रॉनर आणि त्याचा सहकारी एडवर्ड बॉइल यांना याबद्दल ऑस्कर मिळालं. सिनेमाला मिळालेल्या पाचांपैकी ते एक. चौकट रुंद आहे, उंचीच्या सव्वादोन पटींहून जास्त. जुन्या टीव्हीच्या चौकोनात बसवण्यासाठी कडा छाटलेली प्रत हाती लागली तर ती सोडून द्यावी; एकट्या माणसाच्या दोन्ही बाजूंची रिकामी जागा हेच तर इथलं दृश्य आहे.

आता किल्लीकडे. पद्धत अशी, की बॅक्स्टरच्या टेबलावरच्या कॅलेंडरात कोणत्या वारी कोण ते लिहिलेलं. किल्ली ऑफिसच्या पाकिटातून साहेबांकडे जाते आणि काम झालं की दाराबाहेरच्या पायपुसण्याखाली येते. दारू आणि चीजची बिस्किटं यजमानाने भरून ठेवायची. संपली तर तक्रार त्याच्याकडेच. रिकाम्या बाटल्या तोच बाहेर ठेवतो आणि भिंतीपलीकडे आवाज रोज वेगळ्या बाईचा, त्यामुळे शेजारचे डॉक्टर ड्रायफस त्याला मोठा रंगेल गडी समजतात आणि मेल्यावर देह विद्यापीठाला दान कर म्हणतात. बिचारा तेव्हा अॅल्युमिनियमच्या ट्रेमधलं गरम केलेलं जेवण एकटाच जेवत असतो.

हे वेळापत्रक किती नाजूक आहे ते तो तापाने फणफणतो तेव्हा कळतं. एक रात्र स्वतःच्या बिछान्यात झोपायचं म्हटल्यावर त्या रात्रीच्या साहेबांना बुधवारी ढकलायला हवं. त्यांनी तर वाढदिवसाचा केक सांगून ठेवलेला. बुधवारवाल्याला शुक्रवारी, शुक्रवारवाल्याला गुरुवारी. गुरुवारवर शुक्रवारवाल्याच्या बाईंचा आक्षेप, कारण त्या दिवशी टीव्हीवर त्यांची आवडती मालिका. मग मालिका तिथेच बघू असं ठरतं आणि फोनांची माळ उलटी फिरून एकदाची पुरी होते. बॅक्स्टर झालेला जॅक लेमन एका हातात थर्मामीटर, एका हातात रिसीव्हर घेऊन हा प्रसंग नुसत्या बोटांनी वाजवतो.

एवढी दगदग, तर गड्याने चार किल्ल्या का नाही करून घेतल्या? कारण किल्ली एकच असण्यात खरी सोय आहे. ती ज्याच्या हातात, घर त्याचं. दुसरा कोणी चुकूनही आत शिरू शकत नाही. मग सर्वांत मोठे साहेब शेल्ड्रेक या भानगडीत उतरतात. बॅक्स्टरला बढती मिळते आणि साहेब सुचवतात, आता दुसरी किल्ली परवडायला हरकत नाही. शेल्ड्रेक झालेला फ्रेड मॅकमरे हे इतक्या सहज बोलतो की त्यातला सुरुंग लक्षातच येत नाही. यापुढे घरात कोण आहे हे दारावरून कळणार नाही. नाताळच्या आदल्या रात्री शेल्ड्रेक निघून जातो, लिफ्ट चालवणारी फ्रॅन क्युबेलिक तिथेच मागे राहते, झोपेच्या गोळ्या घेते, आणि बॅक्स्टर काही कल्पना नसताना दार उघडतो. विनोदी सिनेमाच्या ऐन मध्यावर हे टाकण्याची छाती वाइल्डर आणि त्याचा जोडीदार लेखक आय. ए. एल. डायमंड यांचीच. हीच उसन्या घराची गोष्ट २००७ साली 'लाइफ इन अ... मेट्रो'तून मुंबईत आली, आणि जागेच्या टंचाईबद्दल प्रेक्षकाला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

फ्रॅनच शेल्ड्रेकची मैत्रीण, हे बॅक्स्टरला कळतं तेही एका वस्तूवरून. घरात कोणाची तरी पावडरची डबी राहिलेली असते, आतला आरसा तडकलेला. तो ती निमूटपणे साहेबांना परत देतो. पुढे ऑफिसच्या पार्टीत नवी बाउलर हॅट कशी दिसते ते बघायला फ्रॅन त्याला आपली डबी उघडून देते. त्याचा चेहरा आरशात दोन तुकड्यांत दिसतो. आरसा फुटलाय, एवढंच तो म्हणतो. फ्रॅन झालेल्या शर्ली मॅकलेनचं उत्तर साधारण असं, की असू दे, मला जसं वाटतं तशीच मी त्यात दिसते. बाकी एक अवाक्षर नाही. आपल्याकडे इथे दहा मिनिटांचे संवाद आणि मागून वीज कडाडली असती.

ती बरी होत असताना तो तिच्यासाठी स्पॅगेटी करतो आणि चाळणीऐवजी टेनिसची रॅकेट वापरतो. हे नुसतं चाळे म्हणून सोडून देऊ नये, कारण ते जमतं. तारांमधली भोकं सेंटिमीटरभराची. काडी वीतभर लांब, त्यामुळे ती बऱ्याच तारांवर आडवी पडते आणि पहिला थर बसला की पुढचा त्याच्यावर अडतो. पातेलं मात्र हळू ओतायचं. भस्सकन ओतलं तर काड्या उभ्या होऊन खाली सटकतात. रॅकेटला काठ नसतो, म्हणून ती सपाट धरायची, नाहीतर सगळा ऐवज सिंकमध्ये. भाताला हा प्रयोग करू नये. आणि आतड्याच्या तारा असतील तर गरम पाण्यानंतर त्या रॅकेटने पुन्हा टेनिसही खेळू नये.

या लेखकांचं कसब बघायचं तर किल्लीच पुरे. सुरुवातीलाच एक साहेब पायपुसण्याखाली घराची म्हणून साहेबलोकांच्या खास स्वच्छतागृहाची किल्ली ठेवून जातात. बॅक्स्टर मध्यरात्री घरमालकीणबाईंना उठवतो, काहीतरी थाप मारून आत शिरतो आणि सकाळी फोनवर त्या साहेबांना हे सांगतो. गंमत म्हणून आपण हसतो आणि विसरून जातो. शेवटी शेल्ड्रेक पुन्हा घराची किल्ली मागतो तेव्हा बॅक्स्टर टेबलावर एक किल्ली ठेवतो. साहेब बघतात तर स्वच्छतागृहाची! चुकीची दिलीस, म्हणतात. तो म्हणतो, चुकीची नाही, आणि नोकरीवर पाणी सोडून चालू लागतो. दीडेक तासापूर्वी पेरलेला विनोद इथे राजीनामा होऊन उगवतो. सिनेमा १२५ मिनिटांचा आहे, चहा कधीही टाका. फक्त सकाळचा तो पहिला फोन चालू असताना उठू नका.