मुक्कामी गाडी

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा निरोप आला तेव्हा आधी आठवला तो १७० हा आकडा. नववीत मी काढलेला ध्वनीचा वेग. सेकंदाला १७० मीटर!

शाळेच्या मागच्या मैदानापलीकडे तेव्हा धान्याच्या गोदामाची लांबलचक दगडी भिंत होती. विज्ञानाच्या सरांनी खेळाच्या सरांकडून टेप आणि स्टॉपवॉच मागून आणलं, भिंतीपासून ८५ मीटरवर फक्कीची रेघ मारली आणि दोन फळ्या माझ्या हातात दिल्या. फळ्या आपटायच्या आणि भिंतीवरून परत येणाऱ्या आवाजावर बरोबर पुढचा ठोका पडेल अशी लय धरायची. मी लेझीम पथकात होते म्हणून हे काम माझ्याकडे. तरी लय जमायला पाऊण तास गेला. वीस फेऱ्यांना दहा सेकंद, म्हणजे एका फेरीला अर्धा. ८५ भागिले अर्धा. मी ऐटीत वही पुढे केली.

सर म्हणाले, "तुझा आवाज मुक्कामी गाडीनं गेला होता काय गं? भिंतीपाशीच वस्तीला राहिला, तर तुला ऐकू आला तो कुणाचा?"

जाणं आणि येणं मिळून १७० मीटर, भागिले अर्धा, म्हणजे ३४०. पुढं वर्षभर मला वर्गात 'मुक्कामी' म्हणत. राग यायचा, पण दोनाचा हिशेब कायमचा पक्का झाला.

गेली पंचवीस-एक वर्षं मी सोनोग्राफी करते. खरं सांगायचं तर रोज तीच फळी आपटते. फक्त हा ठोका सेकंदाला तीस-पस्तीस लाख कंपनांचा, कानाला न ऐकू येणारा, आणि भिंत पोटातली. मऊ मांसात हा आवाज सेकंदाला १५४० मीटर जातो असं मशीन धरून चालतं. दहा सेंटिमीटर खोलवरून परत यायला त्याला सेकंदाच्या एक लाखाव्या भागाच्या तेरापट वेळ लागतो. त्यावरून मशीन खोली काढतं, आणि न विसरता दोननं भागतं.

पण सरांचा टोमणा जास्त खरा ठरला तो दुसऱ्या अर्थानं. पोटात पाठवलेल्या आवाजातला बराचसा खरोखरच मुक्कामी जातो. थोडा उष्णता होऊन पेशींत जिरतो, थोडा बारीकसारीक कणांवर आपटून भलतीकडे विखुरतो. दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झला (म्हणजे सेकंदाला दर दहा लाख कंपनांमागे) साधारण अर्धा डेसिबल घट, असा आमचा ढोबळ हिशेब. हीही घट जाताना एकदा आणि येताना एकदा. साडेतीन मेगाहर्ट्झचा आवाज दहा सेंटिमीटर जाऊन येईपर्यंत ३५ डेसिबलनं, म्हणजे सुमारे तीन हजारपट, क्षीण होतो. चित्र रेखीव हवं म्हणून दहा मेगाहर्ट्झचा प्रोब, म्हणजे अंगावर टेकवून आवाज पाठवायचा आणि ऐकायचा दांडा, लावला, तर तेवढ्याच वाटेवर हजार कोटीतला एक हिस्सा उरेल. म्हणून बारीक आवाजाचा प्रोब थायरॉइडला, आणि यकृताला जाडा.

हे सगळं पाठ असूनही शिकाऊ असताना मी फसले. एका गृहस्थांच्या यकृतात मला आडवा काळा पट्टा दिसला. प्रोब सरकवला तरी पट्टा आहेच, कुशीवर वळवलं तरी आहेच. दोन मोठाल्या शक्यता मनात लिहूनही झाल्या. मॅडमना बोलावलं. त्यांनी पडद्याकडे धड पाहिलंही नाही, मशीनवर हात ठेवला. तिथे आठ सरकत्या पट्ट्यांची एक रांग असते. खोलवरून येणारा आवाज दमलेला असतो, म्हणून जितका उशिरा आलेला तितका जास्त वाढवून घ्यायचा, त्यासाठी त्या पट्ट्या. जेली पुसताना माझ्या हातून पाचवी पट्टी डावीकडे ढकलली गेली होती. मॅडमनी तळहातानं रांग सरळ केली, पट्टा गेला. "प्रोब हलला, पेशंट हलला, तरी हा त्याच खोलीवर ठाण मांडून बसलाय. मग हा पेशंटचा की मशीनचा?" एवढंच म्हणाल्या. गृहस्थांनी विचारलं, "काय निघालं?" मी म्हटलं, "काही नाही." इतकं मनापासून मी क्वचितच म्हटलं असेल.

परत येणाऱ्या आवाजाच्याही तऱ्हा आहेत. चरबी आणि स्नायू यांच्या हद्दीवरून शंभरातला एखादा हिस्सा परततो, बाकीचा पुढे जातो; हे बरंच म्हणायचं, नाहीतर पुढचं काही दिसलंच नसतं. हाडावरून चाळीसेक टक्के. हवेवरून जवळजवळ सगळा. त्वचा आणि प्रोब यांच्यामधली हवा काढायला ती थंडगार जेली. औषध नव्हे ते, सांगून सांगून थकले. "बाई, पोटात वारं धरलंय," असं आजी म्हणतात तेव्हा स्वादुपिंड आज दिसायचं नाही हे मला कळून चुकतं. पित्ताशयातल्या खड्यामागे काळी सावली पडते. याउलट भरलेल्या मूत्राशयात आवाज फारसा जिरत नाही. पाणी पाजून पेशंटला ताटकळत ठेवतो ते उगाच नाही. एकतर आतडी बाजूला सरतात, आणि पाण्यामागचं सगळं उजळ दिसतं.

यकृतात चरबी साठली की जवळचा भाग पांढराफटक आणि तळातला अंधारात. तसं दिसलं की मला ते गोदाम आठवतं. सुगीनंतर भिंतीला कडब्याची गंजी लागली की आमची टाळी परत येत नसे.

मागच्या दिवाळीत आम्ही जुन्या मैत्रिणी शाळेत गेलो होतो. गोदाम अजून आहे, पण रेघेच्या जागेसमोर आता नव्या वर्गांची इमारत आली आहे, मोजून पंधरा पावलांवर. आम्ही चौघींनी टाळ्या वाजवून पाहिल्या. काही ऐकू आलं नाही. म्हणजे आवाज येत होताच, पण सतरा मीटरच्या आतला, तो कानाला वेगळा कळत नाही.

पाचवी-सहावीतला एक मुलगा जिन्यात उभा राहून बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "मावशी, कुणाचा सत्कार चाललाय?"