निंभोऱ्याच्या पुढे

माउलींच्या पालखीबरोबरच्या वारीतलं नीरास्नान, लोणंद, चांदोबाच्या लिंबाचं रिंगण, सगळं एकमेकांत मिसळून गेलंय. लख्ख आठवते ती तरडगाव ते फलटणची वाट.

निंभोऱ्याच्या ओढ्यापुढे डाव्या टाचेखालचा फोड फुटला. चप्पल पिशवीत टाकली, तर तापलेल्या डांबराने उजवा पायही भाजू लागला. टाळ थांबवून चालत नाही, आणि दिंडीही थांबत नाही. विणेकरी पुढे निघून गेले. मागची दिंडी अंगावर आली, कुणाचा तरी डबा कमरेला लागला. त्या क्षणी मला सगळ्यांचा राग आला. ‘माउली, माउली’ म्हणत धक्के देणाऱ्यांचा तर फारच. डोळ्यांत पाणी आलं ते भक्तीचं नव्हतं.

रस्त्याकडेच्या घराच्या पायरीवर बसले. आतून एक आजी आल्या. काही न विचारता परातीत कोमट पाणी आणलं, मीठ टाकलं, माझे पाय त्यात ठेवले. मी अवघडून पाय ओढून घेतले, तर म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे गं बाई, गप बस.” मग सुई गॅसवर धरली, दोरा ओवला आणि दुसरा फोड आरपार टोचून दोरा आतच ठेवला. “तोडू नगंस, पाणी गळून जाऊ दे.” वर हळद-तेल.

मी पाया पडायला वाकले. त्यांनी हात धरला. “आमी म्हानुभाव. आमच्यात पंचकृष्णाबिगर कुणाफुडं हात जोडत न्हाईत. पर तुझी वाट मोडू नये.” निघताना म्हणाल्या, “दंडवत प्रणाम.” मी “राम कृष्ण हरी” म्हटलं. दोघींनीही आपापलं सोडलं नाही.

फलटण ही त्या पंचकृष्णांपैकी चक्रपाणींची जन्मभूमी. गोविंदप्रभूंचे ते गुरू, आणि गोविंदप्रभूंचे शिष्य चक्रधर, महानुभाव पंथाचे संस्थापक. ज्ञानेश्वरी १२९० ची, म्हणजे आमची माउली लिहायला बसली त्याच्या किती आधीपासून हे गाव महानुभावांचं! मी साताऱ्याची, दरवर्षी इथून पालखीबरोबर जाते, आणि ही गोष्ट मला त्या पायरीवर बसेपर्यंत कधी जाणवली नव्हती. हैबतबाबा आरफळकरांनी पालखी सोहळ्याला ही शिस्त लावली, ते आमच्याच साताऱ्याकडचे, हे मात्र मी सगळ्यांना अभिमानाने सांगत असते.

राममंदिर आणि सईबाईंच्या माहेरचा, नाईक निंबाळकरांचा राजवाडा गर्दीच्या खांद्यावरूनच पाहिला. विमानतळाच्या मैदानावर मुक्कामी सगळ्या दिंड्यांची मिळून समाजआरती झाली. चोपदारांचा दंड वर गेला आणि एवढा सागर एकदम गप्प. दुपारचा राग कुठे गेला कळलं नाही. मघाचे धक्के देणारेच आता शेजारी मान खाली घालून उभे होते.

पहाटे लंगडत जबरेश्वराला गेले. जुनं दगडी देऊळ मूळचं जैनांचं मानतात. आत आता महादेव. गावात जैन मंदिरंही बरीच आहेत. अंधारात चौकटीच्या दगडावरून हात फिरवला. थंडगार होता. तेवढ्यात तिकडे निघण्याची तुतारी झाली आणि मी जमेल तशी धावत सुटले.

बरडच्या मुक्कामाला पट्टी सोडली तेव्हा दोरा कुठेतरी गळून पडला होता. फोड बसला होता. आजींचं नाव विचारायचं राहूनच गेलं.