चौथीतली लेकरं दुसरीच्या गटात

आमची शाळा द्विशिक्षकी, बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातली. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे आणि ऑनलाइन माहिती भरणं दोघांकडे. दिवाळी झाली की निम्मा वर्ग आईबापासोबत कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला. आजी-आजोबा सांभाळणारे असतील तर लेकरू गावातच हंगामी वसतिगृहावर राहतं, नाहीतर थेट फडात. गुढीपाडव्याच्या आगेमागे परत येतं तेव्हा हजेरीपटावर चौथी असते, वाचन मात्र जोडाक्षरापाशी अडलेलं.

अशी लेकरं दुसरीच्या गटात बसतात. त्यातल्या एकानं ५२ − ३७ चं उत्तर २५ काढलं. गणित कच्चं म्हणून मोकळं होता येतं. पण त्यानं केलं काय? पाचातून तीन गेले दोन, सातातून दोन गेले पाच. लहान आकडा मोठ्यातून काढायचा, एवढं पक्कं ठाऊक. अशी आणखी पन्नास उदाहरणं दिली असती तर पन्नासही चुकली असती! मी काड्यांचे पाच गठ्ठे अन् दोन सुट्या पुढं ठेवल्या. म्हटलं, "आता मला सदतीस दे." तीन गठ्ठे पटकन दिले. मग सुट्या दोन काड्यांकडं बघत बसला. शेवटी एका गठ्ठ्याचं रबर काढून विचारलं, "बाई, हे सोडू का?"

इयत्ता बाजूला ठेवून, लेकरू जिथं आहे तिथून शिकवायचं, हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. मुंबई आणि वडोदऱ्यात 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेच्या बालसखी, म्हणजे वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणी, मागं पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं घेऊन बसायच्या. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासलं, २००७ साली निष्कर्ष छापले. मुलांचे गुण वाढले होते.

मला त्यापेक्षा पुढचं जास्त पटलं. बिहारमध्ये हीच पद्धत सरकारी शिक्षकांनी उन्हाळी शिबिरात वापरली तेव्हा मुलं शिकली. पण शाळा चालू असताना नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य दिलं, तर फारसा फरक पडला नाही. हरियाणात वेळापत्रकातच तास राखून ठेवला, मुलांचे स्तरानुसार गट केले, वरून देखरेख ठेवली. तिथं हिंदी वाचन सुधारलं. शिक्षक तेच, पगार तोच.

म्हणून शिक्षकांच्या बैठकीत, शिक्षण परिषदेत, नवं साहित्य वाटलं की माझा एकच प्रश्न असतो: तास कोणता? आम्ही अकरा ते बारा धरलाय. त्या वेळात ग्रुपवर कुणी 'तात्काळ' फोटो मागितले तर ते बारानंतर जातात.