मोरीचा कठडा

गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

आज आर्किटेक्चर कॉलेजच्या ज्युरीत, म्हणजे विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासताना, एका मुलाने वरळीच्या बीडीडी चाळीतला फोटो पडद्यावर लावला आणि माझ्या पोटात गलबललं. ती आमची इमारत नव्हती. पण वरळीच्या १२१ इमारती एकाच साच्यातून काढल्यासारख्या, त्यामुळे ती काय नि आमची काय. फोटो पॅसेजचा होता. भर दुपारी काढलेला असणार, कारण टोकाकडून पांढरा उजेड आत आला होता आणि चार दारं ओलांडून विझला होता. दारांशी चपला, भिंतीला टेकवलेली सायकल, निळं पिंप. मुलगा म्हणाला, "सर, मॅडम, इथे माणसं राहत नव्हती, साठवलेली होती."

बाकीच्या परीक्षकांनी माना डोलावल्या. मीही मार्क दिले, चांगलेच दिले. त्याने प्लॅन नीट वाचला होता आणि उजेडाचा हिशोब बरोबर मांडला होता. तरी घरी येईपर्यंत काहीतरी घशाशी अडकून राहिलं. जेवायला बसले तेव्हा कळलं काय ते. वीस वर्षांपूर्वी हेच वाक्य, जरा जास्त टोकदार करून, मी माझ्या कॉलेजच्या प्रकल्पात, नकाशाच्या शीटवर लिहिलं होतं. आणि ते बाबांनी वाचलं होतं.

चाळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गिरगाव येतं. मधे चौक, लाकडी कठड्याची गॅलरी, गॅलरीत वाळणारे कपडे, समोरच्यांशी गप्पा. आमच्या चाळीला गॅलरी नव्हती. इमारतीच्या पोटातून जाणारा एक पॅसेज, त्याच्या दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या, तळमजला धरून चार मजले. म्हणजे एका इमारतीत ८० खोल्या, मजल्यावर सामायिक संडास, आणि खोली १६० चौरस फुटांची. त्यात आम्ही सात जण: आजी, आई-बाबा, काका आणि आम्ही तीन भावंडं.

हे सगळं मी शीटवर लिहिलं होतं. इतिहासही लिहिला होता. जॉर्ज लॉइड गव्हर्नर असताना बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं, त्याच्या आद्याक्षरांवरून बीडीडी. गिरणी कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधायचा बेत होता. पैशासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गासडीवर एक रुपया कर बसवला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या. आणि त्या उभ्या राहिल्यावर कितीतरी खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या पडल्या, कारण ज्यांच्यासाठी बांधल्या ते कामगारच यायला तयार नव्हते. भाडं परवडेना, सिमेंटच्या त्या खोल्या आवडेनात. या इमारतींवरची पहिली टीका कामगारांनी केली, तिथे राहायला न जाऊन. हे मला तेव्हा दिसलं नव्हतं. मी ते 'मागणीचा अभाव' अशा शब्दांत एका ओळीत संपवलं होतं.

पुढे सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला आणि सत्याग्रहींना तिथे ठेवलं. हा धागा सापडल्यावर मला कोण आनंद झाला होता! शीटच्या मथळ्यालाच मी तो वापरला. जी इमारत एका रात्रीत तुरुंग होऊ शकते तिचा आराखडा मुळात तुरुंगाचाच असतो, अशा अर्थाचं काहीतरी.

प्रदर्शन बघायला बाबा आले होते. इस्त्रीचा शर्ट घालून, रात्रपाळी करून, न झोपता. हात पाठीमागे बांधून त्यांनी प्रत्येक शीट वाचली. मी लांबून बघत होते. तुरुंगाच्या शीटपाशी ते बराच वेळ थांबले. मला वाटलं, आता दुखावले. बसमध्ये काही बोलले नाहीत. वरळी नाक्याला उतरल्यावर म्हणाले, "सत्याग्रहींना ठेवलं होतं हे मला ठाऊक नव्हतं. मोठी माणसं राहून गेली की गं आपल्याकडे."

मला काय बोलावं सुचेना. एकच गोष्ट आम्ही दोघांनी वाचली आणि तिचे दोन अर्थ निघाले, आणि त्यांचा खोटा होता असं मी आजही म्हणू शकत नाही.

त्या रात्री जेवणं झाल्यावर ते मला पॅसेजमध्ये घेऊन गेले. म्हणाले, "तू अंधार मधोमध दाखवलास. मधे जिन्याचा थोडा उजेड येतो. खरा अंधार जिना नि टोक यांच्या मधल्या तीन दारांपाशी. आजी तिथेच पडली होती." मग जिन्याची एक पायरी पायाने दाखवली. तिची कड झिजलेली होती, पावसाळ्यात तिथे पाय सरकायचा. मजल्यावरचे सगळे त्या पायरीवर न सांगता भिंतीकडून उतरायचे, मीसुद्धा. अठ्ठावीस शीट काढल्या होत्या मी, आणि त्यांत ही पायरी नव्हती.

बाबा चिडलेच नव्हते. त्यांना टीकेचा राग नव्हताच. मी चुकीच्या जागी बोट ठेवलं, एवढंच त्यांना खटकलं होतं.

उलट टोकाच्या माणसांचा मला जास्त राग येतो. जे चाळीत कधी राहिले नाहीत, किंवा राहून चाळीस वर्षं झाली, आणि आता डोळ्यांत पाणी आणून सांगतात की तेव्हा दारं कशी सताड उघडी असायची, काय तो आपलेपणा. आपलेपणा होता. आजीला पॅसेजमधून उचलून चौघांनी खाली नेलं तेव्हा मी तो बघितलाय. पण दारं उघडी असायची त्याचं कारण आधी वाऱ्यात शोधायला हवं. पोटातून पॅसेज गेलेल्या इमारतीत खोलीला बाहेरची भिंत एकच. खिडक्या तिकडेच. समोरून हवा निघून जायला वाटच नाही. दार लावलं की खोली कोंडायची, आणि वरच्या मजल्याला तर मे महिन्यात स्लॅब रात्री अकरापर्यंत गरम. दार उघडं ठेवलं तरच खिडकीतला वारा आत यायचा. म्हणून दार उघडं, म्हणून दाराला अर्धा पडदा, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर पडद्याच्या खालून आत. वयात आलेल्या मुलीने त्या पडद्याआड कसं वावरायचं, हे मला कुणी शिकवलं नाही. अंगाला आपोआप कळलं.

त्यात एक गोष्ट मात्र त्या जुन्या इंजिनिअरांनी चांगली केली होती, आणि ती मी तेव्हाही लिहिली होती. दोन इमारतींमध्ये जागा सोडली. खिडकीतून आकाश दिसायचं, खाली पोरं खेळायची, जांबोरी मैदान हाकेच्या अंतरावर. आज पुनर्वसनाच्या नावाखाली जे उभं राहतं त्यात कितीदा नेमकं हेच जातं. मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड आणि गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमधल्या इमारतींत अंतर अवघं तीन मीटरच्या आसपास. खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही. डॉक्टरांनी आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी तिथल्या क्षयरोगाचा आणि या उजेड-वाऱ्याचा संबंध अभ्यासून मांडला. त्या घरांतही कुणीतरी दाराला तोरण बांधलंय, देवघर मांडलंय. ते त्यांचं घर आहे म्हणून आपण इमारतीबद्दल गप्प बसायचं का? ते मला कधीच पटणार नाही. तिथे खोकणाऱ्या मुलाच्या आईला आपल्या गप्प बसण्याने काय मिळणार?

मग आज त्या मुलाचं वाक्य मला का लागलं? त्यातली माहिती बरोबर होती. 'साठवलेली' या शब्दाला मी अडखळले. साठवलेल्या वस्तूला काही म्हणायचं नसतं. बाबांना म्हणायचं होतं. पायरी कुठली, अंधार कुठला, दाराखालून पाणी कुठून येतं, सगळं त्यांना पाठ होतं. त्या मुलाने कुणाला विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं, आणि मी तर तिथेच झोपत होते.

चाळीचं आता पाडकाम चाललंय. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, ५०० चौरस फुटांचं घर. आमचा नंबर अजून यायचाय. आई-बाबा भाड्याच्या घरात आहेत.

रात्री आईला फोन केला. सगळं सांगितलं, फोटो, मुलगा, त्याचं वाक्य. आई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "तुझ्या त्या कागदांत मोरीबद्दल काय लिहिलं होतंस?"

म्हटलं, "मोरी दाखवली होती की. खोलीच्या कोपऱ्यात."

"दाखवली असशील. दार नव्हतं हे लिहिलंस का?"

नव्हतं लिहिलं. मला नीट आठवतंय, कारण तेव्हा मी ते ठरवून गाळलं होतं. उजेड, वारा, माणशी चौरस फूट, हे सगळं कॉलेजात बोलता येत होतं. पण सात माणसांच्या खोलीत, साडीचा पडदा लावून, कोपऱ्यात बसून अंघोळ करायची, आणि पाळीच्या दिवसांत तर सगळे उठायच्या आत, हे परीक्षकांसमोर उभं राहून सांगायची मला लाज वाटली होती. त्या इमारतीत मला सगळ्यात जास्त जे जाचलं तेच माझ्या टीकेत आलं नाही.

आई थांबली नव्हती. "आणि कठडा. मोरीचा कठडा चार बोटं होता नुसता. अंघोळ केली की पाणी उडून बाहेर यायचं, तुमच्या अंथरुणापर्यंत. म्हणून मी पावणेचारला उठायचे. नळ यायच्या आधी, पिंपातल्या पाण्याने. बसून, हळूहळू, तांब्या अंगाला टेकवून ओतायचा, म्हणजे आवाज होत नाही नि पाणीही उडत नाही. पंचवीस वर्षं केलं मी तसं. एक वीट अजून लावली असती त्या लोकांनी."

"तू बाबांना सांगून वीट लावून का नाही घेतलीस?"

"मग भांडी घासायला वाकता कसं आलं असतं? तेवढ्याच जागेत सगळं. उंच केला तर भांड्यांची पंचाईत, खाली ठेवला तर अंघोळीची. बांधणाऱ्यानेच दोन जागा करायला हव्या होत्या."

मागून बाबा काहीतरी बोलत होते. आई म्हणाली, ते म्हणतायत त्या मुलाला आमच्याकडे घेऊन ये, चहाला. इमारत पडायच्या आत एकदा त्याला जिनाही दाखवू.

मुलाला मेसेज केलाय. रविवारी येतो म्हणाला.

फोन ठेवल्यावर माळ्यावरून शीटची गुंडाळी काढली. कागद पिवळा पडलाय, कडा तुटतात. खोलीचा प्लॅन आहे, सेक्शन म्हणजे उभा छेद आहे. सेक्शनमध्ये खिडकीच्या उंबऱ्याची उंची आहे, दाराची आहे, छताची आहे. मोरीचा कठडा एका बारीक रेघेने काढलाय आणि त्याला माप दिलेलं नाही. पेन्सिल घेतली आणि रेघेशेजारी लिहिलं: चार बोटं.