व्हॉल्व्ह रेडिओवर हॅम ऐकायला घरगुती बीएफओ

जुन्या व्हॉल्व्ह रेडिओच्या शॉर्टवेव्हवर ४१ मीटरच्या खुणेपासून काटा जरा कमी फ्रिक्वेन्सीकडे नेला, की ७ ते ७.२ मेगाहर्ट्झमध्ये हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओ ऑपरेटर, सापडतात. पण कानावर पडते ती नुसती बदकांची क्वॅकक्वॅक. त्यांच्या एसएसबी (सिंगल साइडबँड) पद्धतीत कॅरियर, म्हणजे आवाज वाहून नेणारी मूळ लहर, पाठवतच नाहीत, आणि सेटच्या डिटेक्टरला त्याच्याशिवाय शब्द उलगडत नाहीत. तो कॅरियर सेटच्या आयएफवर (सेटच्या आतल्या ठरलेल्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर) आपण पुरवायचा; तो बनवणारं छोटं सर्किट म्हणजे बीएफओ (बीट फ्रिक्वेन्सी ऑसिलेटर). सेटला एक टाकाही मारावा लागत नाही, म्हणून मला ही जोडणी फार आवडते.

बंद पडलेल्या ट्रान्झिस्टर रेडिओतला ४५५ किलोहर्ट्झचा आयएफटी (आयएफ ट्रान्सफॉर्मर, धातूच्या छोट्या कॅनमधली कॉइल) काढा. त्याच्या तीन पिनांच्या बाजूची मधली पिन ९ व्होल्ट बॅटरीच्या प्लसला. त्याच बाजूचं एक टोक बीसी ५४७ ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला, दुसरं १ नॅनोफॅरडमधून बेसला. प्लसपासून बेसला ४७० किलोओहम. एमिटरपासून मायनसला १ किलोओहम आणि त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरड. आणखी एक ०.१ प्लस-मायनसमध्ये, आयएफटीच्या अगदी जवळ. कॅनचे पाय मायनसला. फाइन ट्यूनिंगसाठी कलेक्टरपासून १० पिकोफॅरड आणि पुढे छोटा पीव्हीसी गँग (फिरवून बदलता येणारा कपॅसिटर) मायनसला. कलेक्टरवरूनच दुसऱ्या १० पिकोफॅरडमधून फूटभर इन्सुलेटेड वायर बाहेर काढा.

चालतोय का ते मीडियमवेव्हवर कळतं. वायर रेडिओजवळ ठेवून ९१० किलोहर्ट्झच्या आसपास काटा फिरवा. बीएफओची दुसरी हार्मोनिक (दुप्पट फ्रिक्वेन्सी) एखाद्या स्टेशनवर पडली की शिट्टी येते, आणि रिकाम्या जागी असली तर सूं आवाज एकदम दबतो. काहीच नसेल तर कलेक्टर आणि बेसकडची टोकं अदलाबदल करा. बहुतेक आयएफटींचा टॅप बरोबर मध्ये नसतो, त्यामुळे एका बाजूने फीडबॅक अपुरा पडतो.

आता वायरचं टोक सेटच्या मागच्या फळीबाहेर, शेवटच्या आयएफ व्हॉल्व्हच्या समोर ठेवा. चासीला काहीही जोडू नका. व्हॉल्व्हचे नंबर ‘यू’ने सुरू होत असतील (यूसीएच ८१, यूएल ८४) तर सेट बिनट्रान्सफॉर्मरचा, आणि त्याची चासी (धातूचा सांगाडा) थेट घरच्या विजेवर, मेनवर असते.

स्टेशनवर काटा ठेवून आयएफटीचा कोअर (कॅनमधला फिरणारा स्क्रू) प्लास्टिकच्या पेचकसाने हळू फिरवा. शिट्टी खाली उतरत शून्यावर येते, पुन्हा चढते; त्या शून्यावर थांबा. काही सेटचा आयएफ ४५२, काहींचा ४७० असतो, कोअर तिथवर पोचतो.

सेटला मॅजिक आय (सिग्नलचा जोर दाखवणारा हिरवा डोळा) असेल तर तिच्याकडे बघा. बीएफओ चालू करताच ती किंचित मिटायला हवी. पूर्ण मिटली तर एव्हीसीने (जोरदार सिग्नल आला की सेटची संवेदनशीलता आपोआप कमी करणाऱ्या सर्किटने) सेट बहिरा केलाय; वायर लांब न्या. उलट, जोरदार हॅमचा आवाज फाटत असेल तर बीएफओ कमी पडतोय. तिथे वायर जवळ आणण्याआधी एरियल आखूड करा आणि व्हॉल्यूम पूर्ण उघडा.

सेट अर्धा तास तापू द्या. तोवर त्याचा लोकल ऑसिलेटर (स्टेशन निवडणारं आतलं सर्किट) सरकत राहतो आणि जमवलेला आवाज पुन्हा बदकावर जातो. पुढची बारीक जुळणी गँगवर करा. डायलच्या काट्याला एवढं बारीक हलणं जमत नाही.