एकूण आणि एकुण

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गणपतीचा हिशोब गेली कित्येक वर्षं एकाच टेक्स्ट फाइलमध्ये चालू आहे. विंगचं नाव, त्याखाली फ्लॅट नंबर आणि वर्गणी, शेवटी ‘एकूण’. मग पुढची विंग. यंदा सजावट बी विंगकडे, म्हणून त्यांनी आपणहून 501 चे 551 केले. म्हणजे मला फाइलच्या मधल्या तेवढ्याच तुकड्यात बदल करायचा होता.

‘31 ते 54 ओळी’ असं सांगता येतं, पण वरच्या विंगमध्ये कुणी नवीन राहायला आलं की सगळे आकडे सरकतात. त्यापेक्षा खूण सांगावी. फाइलमधला मजकूर बदलायचं ‘सेड’ नावाचं जुनं अवजार आहे, 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ली मॅकमहॉन यांनी केलेलं. त्याला दोन खुणा द्यायच्या, मध्ये स्वल्पविराम. आपल्याला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ म्हणावं लागतं, तिथं तो एकटा भागवतो. मी लिहिलं, ‘बी विंग’, स्वल्पविराम, ‘एकूण’, आणि पुढे 501 च्या जागी 551. एंटर. यादी ग्रुपवर टाकून दिली.

रात्री सी विंगच्या काकांचा फोन. “अहो, आमची वर्गणी पन्नासनं वाढली, ती मीटिंग कधी झाली?”

फाइल उघडली. बी विंगच्या खाली खजिनदारांनी ‘एकुण’ लिहिलेलं. कु ऱ्हस्व! सेड एकेक ओळ वाचत जातो, पुढे काय आहे ते त्याला ठाऊक नसतं. पहिली खूण दिसली की काम सुरू, दुसरी दिसेपर्यंत चालूच. ती कुठेच नसेल तर थेट फाइल संपेपर्यंत. स्वारगेटला बसमध्ये खिडकी मिळावी, पद्मावतीला उतरायचंय म्हणत जरा डोळे मिटावेत आणि जाग यावी ती कात्रजला, तसं. आमची बस निदान सी विंगच्या ‘एकूण’पाशी थांबली.

निवडलेला तुकडा आधी नुसता पडद्यावर छापून बघायचा आणि मगच त्याला हात लावायचा, हे मला माहीत आहे. ऑफिसात नव्या पोरांना मीच सांगतो.

काकांना ऱ्हस्व-दीर्घाची सगळी हकिकत सांगितली. ते मूळचे सदाशिव पेठेतले. शांतपणे ऐकून म्हणाले, “म्हणजे यंत्राला शुद्धलेखन कळतं. बरं आहे.” मग जरा थांबून, “551 राहू द्या आता. पण पावतीवर ‘वर्गणी’ नीट छापा. गेल्या वर्षी णि ऱ्हस्व होता.”