दमा नव्हताच

आमची मुलगी झोपेत मान मागे टाकायची. कशीही झोपवा, थोड्या वेळाने डोकं मागे, पाठ कमानीसारखी. आम्ही फोटो काढून मावश्यांना पाठवायचो, हसायचो.

जन्मापासूनच तिचा श्वास वाजायचा. सर्दी झाली की अमळनेरहून जळगाव, वाफ, पंप, परत घरी. आठ महिने दमा म्हणून औषधं चालली. सासूबाई म्हणायच्या, "पोरले नजर लागनी," आणि मीठ-मोहऱ्या उतरवायच्या. दूध कसंबसं जायचं. पण दुधात कुस्करलेली भाकरी सुरू केली आणि दुसऱ्या घासालाच ठसका, ओठ निळे.

शेवटी एका डॉक्टरांनी तिला मांडीवर घेऊन नुसतं ऐकलं. श्वास आत घेतानाही घरघर, पंपाने फरक शून्य, मग हा दमा कसा? त्यांनी खडूच्या पाण्यासारखं बेरियम पाजून एक्स-रे काढायला लावला. अन्ननलिका दोन्ही बाजूंनी चेपलेली. मग सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन, आणि मुंबईची चिठ्ठी.

तिथल्या सर्जननी एक्स-रेच्या पाकिटावर पेनाने काढून दाखवलं. महाधमनी हृदयातून निघून डावीकडे कमानीसारखी वळते. पोटात असताना बाळाला दोन्हीकडे कमानी असतात, नंतर उजवी विरते. हिची विरलीच नाही. दोन कमानींचं कडं झालं आणि त्यात श्वासनलिका, अन्ननलिका दोन्ही अडकल्या. मान मागे टाकली की श्वासनलिका जरा मोकळी होते. म्हणजे पोरीने तिचा उपाय आधीच शोधला होता, आम्ही फोटो काढत बसलो.

"कमान कापल्यावर रक्त जाईल कुठून?" तिच्या पप्पांनी विचारलं. लहान कमान कापायची, हिची डावी. आधी तिथे चिमटा लावून हाता-पायाची आणि मानेची नाडी बघायची, ती नीट लागली तरच कापायचं. डाव्या फासळ्यांमधून जायचं, हृदय थांबवायची गरज नाही. हे ऑपरेशन अमेरिकेत १९४५ साली पहिल्यांदा झालं म्हणाले. एवढं जुनं आहे हे ऐकूनच मला धीर आला.

केशरी कार्ड होतं, पण त्यावर पोरीचं नाव चढवायचं राहिलं होतं. आमचाच आळस. जन्मदाखला, आधार, झेरॉक्सचा गठ्ठा, यात चार दिवस गेले. जनआरोग्य योजनेची मंजुरी आल्यावर तारीख मिळाली.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी ती माझ्याजवळ आली आणि तोच आवाज. तीच घरघर! मी वऱ्हांड्यात जाऊन रडले. ऑपरेशन फसलं असंच वाटलं. मग सिस्टरनी डॉक्टरांना बोलावलं. इतके महिने दबून श्वासनलिकेच्या कूर्चा, म्हणजे तिला उघडं धरणारी लवचिक कडी, मऊ पडल्यात, कमानींचं कडं सुटलं तरी त्या घट्ट व्हायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षही. हे आधी एका वाक्यात सांगितलं असतं तर? ज्यांच्या लेकराचं हे ऑपरेशन ठरलंय त्यांनी एवढं आधीच विचारून ठेवा.

पाचव्या महिन्यापासून आवाज फक्त सर्दीत येतो. परवा आजीच्या ताटातली कळण्याची भाकरी आणि भरीत खाल्लं तिने, ठसका नाही. झोपेत कधीमधी मान अजून मागे जाते. सवय असेल. तरी मी उठून तिच्या नाकाशी कान लावतेच.